चार नंबर रिकामा झाला!

हातातला मोबाइल खिशात ठेवा, इथे त्याचा उपयोग नाही. वरच्या कोपऱ्यात एकही दांडी दिसत नाही ना? दिसणारही नाही. साल 2000, मे महिना, दुपारचे पावणेचार. तुम्ही पुण्यात आहात, टिळक रोडच्या फुटपाथवर, आणि डोक्यावर टोपी आणायला विसरला आहात.

डांबर इतकं तापलंय की रस्ता ओलांडताना चपलेचा तळ किंचित चिकटतो आणि सुटतो. समोरून एक लुना फटफटत गेली, मागोमाग दोन बजाज स्कूटर आणि एक रिक्षा. रिक्षाच्या धुराचा तो तेलकट, गोडसर वास थेट घशात गेला. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या तीन मुली एकाच स्कूटीवरून भुर्रकन निघून गेल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीत चरकाला बांधलेले घुंगरू वाजताहेत. हवं तर एक ग्लास घ्या, आलं-लिंबू घालून. पण पटकन संपवा, कारण आज तुम्हाला एक काम आहे. इंटरनेटला जोडून घ्यायचं आणि एक पत्र पाठवायचं. एवढ्यासाठी दीड-दोन तास हाताशी ठेवा.

आता मान वर करा. पिवळ्या रंगाचा एसटीडी-आयएसडी-पीसीओचा फलक दिसतोय? त्याच्या शेजारी, अजून रंगाचा वास न गेलेला दुसरा फलक आहे: सायबर कॅफे, इंटरनेट, ई-मेल, चॅटिंग, खाली प्रिंटआउट, झेरॉक्स, लॅमिनेशन. बाण जिन्याकडे. जिना अरुंद आहे, लाकडी कठड्याला हात लावलात तर तेलकट लागेल. वर पोहोचलात की दाराबाहेर चपलांचा ढीग दिसेल. तुमच्याही तिथेच काढा. आत एसी आहे, आणि एसीच्या खोलीत धूळ न्यायची नाही, हा इथला पहिला नियम.

काचेचं दार ढकला. आहाहा! गार हवेचा झोत अंगावर आला आणि पाठीवरचा घाम एकदम थंड झाला. त्या गारव्यात वास मात्र अनेक आहेत. काउंटरवरच्या गणपतीपुढची उदबत्ती, तापलेलं प्लॅस्टिक, बंद खोलीतले मोजे, आणि कुणीतरी नियम मोडून आत आणलेला वडापाव. प्लायवूडचे आडोसे घालून सहा खुराडी केली आहेत. प्रत्येकात एक खुर्ची आणि एक भलामोठा, मागे फुगलेला मॉनिटर. पुढे पत्र्याच्या तीन खुर्च्या, वाट बघणाऱ्यांसाठी. तुमच्या आधी तिथे एक मध्यमवयीन जोडपं बसलंय. काकांच्या मांडीवर रेक्झिनची बॅग, काकूंच्या हातात घडी घातलेला कागद.

काउंटरमागे विशीतला एक मुलगा आहे. सगळे त्याला दादा म्हणतात, पन्नाशीचे लोकसुद्धा. त्याने तुमच्यापुढे एक लांबट रजिस्टर सरकवलं: नाव, आत आल्याची वेळ, मशीन नंबर, सही. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलेलं आहे. मागच्या भिंतीवर दर लिहिलाय, तासाला 40 रुपये, अर्ध्या तासाच्या आत उठलात तरी अर्ध्या तासाचे पैसे. बाहेर तेवढ्या पैशांत दोन माणसांचं पोटभर खाणं होतं, म्हणून इथला प्रत्येक माणूस घड्याळाकडे बघत बघत जगाशी बोलतोय.

"चार नंबर रिकामा झाला!" दादा ओरडला. काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही जा," काका तुम्हाला म्हणाले. "आम्हाला जरा मोठं मशीन लागेल, दोघं बसतो ना." खरं कारण वेगळं आहे. पुढे कोण काय करतं ते त्यांना आधी बघून घ्यायचंय.

बसा. खुर्ची कुरकुरेल. कीबोर्डवरची ए, एस आणि ई ही अक्षरं बोटांनी घासून पुसट झाली आहेत. माउस हातात घ्या. जड वाटतोय ना? त्याच्या पोटात रबराचा गोळा आहे. तो पॅडवर घरंगळतो तेव्हा आतले दोन छोटे रूळ फिरतात, आणि त्यावरून बाण पडद्यावर कुठे न्यायचा ते कॉम्प्युटरला कळतं. बाण मध्येच अडखळत असेल तर माउस उलटा करा, गोल झाकण फिरवा, गोळा काढा आणि रुळांवर बसलेला मळ नखाने खरवडा. लाजू नका. इथे सगळेच करतात.

पडद्यावर निळ्या रंगाच्या 'ई'वर दोनदा टिचकी मारा. चौकट उघडली. वर पत्त्याची पट्टी, खाली पांढरं, रिकामं पान. पत्ता टाइप करा आणि एंटर दाबा. आता वाट बघा.

आणखी बघा.

"दादा, चार नंबरला काहीच येत नाहीये!" असं तुम्ही म्हणणार, तेवढ्यात सहाही खुराड्यांतून एकदम आवाज उठला: "दादाऽऽ, लाइन गेली!"

इथली गंमत तुम्हाला आता कळेल. सहा मशीन आहेत, पण बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट एकच आहे, काउंटरवरच्या टेलिफोनची तार. ती दादाच्या मशीनला लागलेल्या मॉडेममध्ये शिरते आणि तिथून सहा ठिकाणी वाटली जाते. ती तुटली की सगळे तुटतात. दादाने शांतपणे फोनचा रिसीव्हर कानाला लावून डायल टोन आहे का ते ऐकलं, ठेवला, आणि माउसने 'कनेक्ट' दाबलं.

आता सगळा कॅफे गप्प झालाय. कान द्या.

आधी डायल टोनची सपाट घूं. मग आकड्यांचे टुंटुं-टिंटिं सूर. मग शांतता. मग पलीकडे घंटा. आणि एकदम एक लांब, तीक्ष्ण शीळ, तिच्यावर दुसरी, मग किर्रर्र, टँव-टँव, आणि शेवटी खऽऽऽ अशी फुसफुस, जी वाढत वाढत कानात भरते. तुमच्या शेजारच्या खुराड्यातल्या मुलाने डोळे मिटले आहेत. नुसत्या आवाजावरून लाइन लागणार की नाही, हे त्याला ओळखता येतं. "लागली," तो पुटपुटला. फुसफुस थांबली. दादाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दोन इवले कॉम्प्युटर उगवले आणि लुकलुकायला लागले. लागली!

तो सगळा गोंगाट म्हणजे दोन यंत्रांचं खरंखुरं बोलणं होतं. टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या आवाजासाठी बांधलेली आहे, सेकंदाला साधारण 300 ते 3400 कंपनांच्या आतले सूरच ती नीट वाहून नेते. कॉम्प्युटरजवळ तर नुसते शून्य आणि एक. म्हणून मॉडेम त्या आकड्यांचे सूर करतो, फोनवरून गातो, आणि पलीकडचा मॉडेम त्या सुरांचे पुन्हा आकडे करतो. काम सुरू करण्याआधी दोघं एकमेकांची चाचपणी करतात: तू किती वेगाने बोलतोस, तार किती खरखरते, प्रतिध्वनी किती येतो. जुळलं की स्पीकर बंद होतो. गाणं आतल्या आत चालू राहतं, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

मॉडेमवर 56 हजार बिट्स असा वेग छापलेला आहे, पण तो वाचून भारावून जाऊ नका. लाइन अगदी स्वच्छ असली तरी सेकंदाला पाचेक किलोबाइट हाती लागतात. त्यांचे सहा वाटे करा. तुमच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम एक किलोबाइट आला. तुमच्या खिशातल्या मोबाइलमधला एक साधा फोटो इथे उतरवायचा म्हटला, तर दादाला दुकान बंद करून घरी जाऊन जेवून यावं लागेल.

पुन्हा एंटर दाबा. चौकटीच्या तळाशी बारीक अक्षरांत काहीतरी सरकतंय, तिकडे लक्ष ठेवा. तुम्ही टाइप केलं ते नाव. पण यंत्रांना नावं कळत नाहीत, त्यांना लागतो आकड्यांचा पत्ता, मध्ये टिंबं असलेले चार आकडे. म्हणून आधी एका मशीनकडे विचारणा गेली, या नावाचा आकडा काय? उत्तर आलं. मग तुमची मागणी छोट्या तुकड्यांत कापली गेली, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि पत्ता चिकटला, आणि ते निघाले. घाटाखाली मुंबई, मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्राखालची केबल, पलीकडे कॅलिफोर्निया. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. तिकडे सगळे क्रमाने जुळले की उत्तर याच रस्त्याने उलट येतं. तुम्ही टिळक रोडवर अनवाणी बसला आहात आणि तुमचे तुकडे समुद्राच्या तळाशी आहेत. अंगावर शहारा आला असेल, तर तो एसीचा नाही.

पान येतंय. एकदम येत नाही, थांबा. आधी राखाडी पट्टा. मग निळ्या, अधोरेखित ओळी. मग चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. आणि मग वरून खाली, पट्टी पट्टीने रंग.

"तेवढ्यात दुसरी विंडो उघडून ठेवा," आडोशावरून एक डोकं वर आलं. हा तोच डोळे मिटणारा मुलगा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं उत्तर आलं का, ते बघायला रोज येतो. "एक पान येईस्तोवर दुसरं लावायचं, दुसरं येईस्तोवर तिसरं. आणि चित्रं बंद करा सेटिंगमधून, मजकूर लगेच येतो." त्याने तुमच्या माउसला हात लावला नाही. कुठे दाबायचं ते नुसतं बोटाने दाखवलं, आणि तुम्ही दाबेपर्यंत थांबला.

ही गोष्ट मनात नोंदवून ठेवा. या खोलीत शिकवणीचा वर्ग नाही, पुस्तक नाही, सूचनाफलकही नाही. तरी इथे रोज माणसं येतात आणि दोन दिवसांत शिकून जातात. शेजारची खुर्ची शिकवते.

आता तुमचं खातं उघडू या. हॉटमेल, फुकट आहे. शाळेची काही वर्षं पुण्यातच काढलेल्या सबीर भाटियांनी जॅक स्मिथ यांच्याबरोबर ते 1996 मध्ये सुरू केलं. त्यातली खरी किमया हीच, की तुमची टपाल तुमच्या घरातल्या मशीनवर राहत नाही. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, फोनही नाही, तो माणूस टिळक रोडवर, दादरला किंवा दुबईत कुठल्याही कॅफेत बसून स्वतःची टपाल उघडू शकतो. जागा मिळते 2 मेगाबाइट. ती भरली की जुनी पत्रं पुसायची, म्हणजे कुठलं पत्र जपायचं हे ठरवायचं.

फॉर्म भरा. नाव टाका. घेतलेलं आहे! आडनाव जोडा. तेही घेतलेलं! मग जन्मसाल, गाडीचा नंबर, लाडकं नाव, काहीतरी चिकटवा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर चांदण्या उमटतील, घाबरू नका, बरोबर चाललंय. कॅप्स लॉकचा दिवा तेवढा बघा, निम्मी भांडणं त्यानेच होतात. पासवर्ड विसरलात तर विचारायचा गुप्त प्रश्नही निवडायचाय. पाळीव प्राण्याचं नाव? पुण्याच्या पेठेतल्या दोन खोल्यांत कुठला पाळीव प्राणी! तरी काहीतरी लिहा आणि लक्षात ठेवा.

"पत्र थेट तिथे लिहू नका," मुलगा पुन्हा आडोशावरून म्हणाला. "लाइन गेली की सगळं पुसतं. नोटपॅडमध्ये लिहा, कंट्रोल सी, मग तिथे कंट्रोल व्ही." लिहा तर मग. मराठीत लिहायचं म्हटलं तर इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागेल, दुसरा मार्ग नाही. बाळ आणि बाल सारखेच दिसतील, ण आणि न एकाच अक्षरात राहतील. वाचणारा आपल्या कानाने ओळखेल. एखादं मराठी वर्तमानपत्र उघडून बघाल, तर नुसती चिन्हांची जत्रा दिसेल, कारण त्यांचा फॉन्ट या मशीनवर नाही. दादाकडे तो फ्लॉपीवर आहे. मागितलात तर घालून देईल, पण दुसऱ्या पेपरला दुसरा फॉन्ट लागतो, हे आधीच सांगून.

पाठवा. दाबलं? पडद्यावर आलं, तुमचं पत्र गेलं. तिकीट नाही, डिंक नाही, पेटी उघडायची वेळ बघायची नाही. तुमच्या नकळत तुम्ही खुर्चीत मागे रेलला आहात. या खोलीत प्रत्येकजण पहिल्यांदा पत्र गेल्यावर असाच मागे रेलतो.

"अहो, जरा बघता का?"

काकू. दोघं पाच नंबरला बसली आहेत, आणि दादाला गिऱ्हाइकांनी घेरलंय. काकूंनी हातातला कागद उलगडला. त्यावर मुलाचा ई-मेल पत्ता, या दोघांचा आयडी आणि पासवर्ड, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, एका पुतण्याने लिहून दिलेलं. मुलगा न्यू जर्सीत. दोन महिन्यांपूर्वी नात झाली. फोनवर बोलायचं तर मिनिटाचे पैसे मोजत, निम्मा वेळ "ऐकू येतंय का" म्हणण्यात जातो. फोटो पाठवलाय म्हणाला, तो बघायचाय.

आता तुमची पाळी. तुम्ही या खोलीत अर्ध्या तासाने सीनियर आहात.

पटकन त्यांचा माउस ओढून घ्यावासा वाटेल. घेऊ नका. काउंटरवरून दादानेही बजावलं: "माउस काकूंच्याच हातात राहू द्या हं, नाहीतर उद्या पुन्हा विचारायला येतील." काकूंनी माउस धरला, पोळपाटावर बोट टेकवावं इतक्या हलक्या हाताने. बाण पडद्यावर सरकला आणि थांबला. माउस पॅडच्या कडेला पोहोचला होता. "पुढे जागाच नाही," काकू म्हणाल्या. "उचला," तुम्ही म्हणा. "उचला आणि परत मध्ये ठेवा." त्यांनी उचलला. बाण जागचा हलला नाही. ठेवला, सरकवला, बाण पुढे गेला. काकूंनी काकांकडे पाहिलं, त्या नजरेत मोठा विजय होता.

मग तो गोल ए. कीबोर्डवर सापडत नाही. दोनच्या डोक्यावर आहे, शिफ्ट दाबून धरायचं आणि दोन दाबायचा. काका शिफ्ट दाबतात, सोडतात, मग दोन दाबतात. पडद्यावर 2. "दोन्ही एकदम धरायचं होय!" काका म्हणाले आणि एका बोटाने काकूंच्या बोटावरून मदत करायला गेले. "मी करते," काकू म्हणाल्या. पत्त्याच्या मध्ये त्यांनी सवयीने मोकळी जागा सोडली, ती पुसा. टिंबाच्या जागी स्वल्पविराम आला, तोही पुसा. आता एंटर. सावकाश. तुम्हालाही जगाच्या दाराशी यायला वेळ लागला होताच.

पेटी उघडली. एकच पत्र, ठळक अक्षरांत. काकूंनी टिचकी मारली. मजकूर आला, मुलाने इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, काकांनी अडखळत मोठ्याने वाचली. खाली चौकट. फोटो दीडशे किलोबाइटचा आहे. वाटणीचा हिशेब तुम्हाला ठाऊकच आहे: अडीच मिनिटं, लाइन राहिली तर.

पहिली पट्टी: निळं आकाश. दुसरी: आकाशच. तिसरी: लाकडी घराचं उतरतं छप्पर. "हेच घर," काका म्हणाले. मग सुनेचे केस. कपाळ, टिकली. शेजारच्या खुराड्यातला मुलगा उठून मागे येऊन उभा राहिला. दोन नंबरला चॅट करणारा गृहस्थही वळला. सुनेची हनुवटी, खांदा. आता पिवळ्या लोकरीची एक कड. "टोपडं," काकू एकदम म्हणाल्या, "हे मी विणलेलं टोपडं." पुढची पट्टी येईना. तळाशी सरकणारी अक्षरं थांबली. कुणी श्वास घेत नाही. दादाने काउंटरवरून हाक दिली, "कुणी गाणी डाउनलोड करतंय का? थांबवा जरा!" एक नंबरहून माउसची टिचकी ऐकू आली. आणि पट्ट्या पुन्हा सुरू झाल्या: भुवया, मिटलेले डोळे, नाक, मूठ तोंडात घातलेली.

काकूंनी पडद्याला हात लावला. काचेवर साचलेल्या विजेने बोटाला बारीक चटका दिला, तरी हात काढला नाही.

उत्तर त्यांनीच टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. तुम्ही नुसतं सांगत होता, कुठलं अक्षर कुठे आहे ते. चार ओळींना वीस मिनिटं लागली. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता तिकडे सकाळचे सात वाजून गेले असतील, ऑफिसला निघण्याआधी बघेल." फोटोचा प्रिंटआउटही काढला. काळा-पांढराच मिळाला, पण काकूंनी तो रेक्झिनच्या बॅगेत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवला. उठण्याआधी एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून करवून घ्या, साइन आउट. ते न करता उठलं तर पुढच्या माणसाला त्यांचं सगळं घर उघडं मिळेल.

तुम्हीही उठा, रजिस्टरमध्ये वेळ लिहा, पैसे द्या. पण वर्तमानात परतण्याआधी रात्री आणखी एका घरी डोकावू, सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.

इथे स्वतःचा कॉम्प्युटर आहे, भरतकाम केलेल्या कापडी आवरणाखाली. इंटरनेटचे तास पाकिटातून विकत आणले आहेत, वर फोनचं बिल वेगळं. कॉल तीन-तीन मिनिटांच्या मापाने मोजला जातो, म्हणून या घराने एक कला साधली आहे. जेवणं झाल्यावर सगळे मशीनभोवती बसतात. बाबा, ताई, धाकटा, प्रत्येकाने आपापली पत्रं लाइन न जोडताच लिहून ठेवली आहेत. आई शेजाऱ्यांना विचारून येते, कारण त्यांचे निरोपही याच फोनवर येतात: "तुमचा फोन यायचा नाही ना आत्ता?" मग धाकटा मॉडेम सुरू करतो. शीळ, किर्रर्र, फुसफुस. आजी माजघरातून म्हणते, "लागलं बघ." सगळी पत्रं एकदम जातात, आलेली एकदम उतरतात, आणि ताई घड्याळ धरून म्हणते, "दोन पन्नास, तोड!" तुटलं. एका कॉलच्या पैशात चार माणसांची टपाल. आता निवांत वाचायचं, मोठ्याने, एकाने वाचायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं.

बघितलंत? या दिवसभरात तुम्ही एकदाही एकट्याने जोडले गेला नाहीत. दादाने लाइन लावली, मुलाने युक्ती दिली, एक नंबरवाल्याने गाणं थांबवलं, तेव्हा एक चेहरा पूर्ण झाला. पेठेतल्या घरात शेजाऱ्यांनी फोन सोडला, तेव्हा टपाल गेली. तार होतीच, पण माणसाला इंटरनेटवर नेऊन बसवलं ते दुसऱ्या माणसाने.

चला, परत. मोबाइल काढा, दांड्या भरल्या आहेत. जोडून घेण्यासाठी आता काहीच करावं लागत नाही, आणि म्हणूनच शेजारची खुर्ची रिकामी पडली आहे. पण प्रत्येक घरात आजही कुणीतरी त्या पहिल्या अर्ध्या तासात अडकलेलं आहे. कुणाला पैसे पाठवताना पिन कुठे टाकायचा आणि कुठे अजिबात टाकायचा नाही हे कळत नाही, कुणाला व्हिडिओ कॉलमध्ये आपलाच आवाज बंद झाल्याचं कळत नाही, कुणी अनोळखी लिंकवर बोट ठेवून बसलंय. ते विचारतात, तेव्हा आपण फोन त्यांच्या हातातून घेतो, चार सेकंदांत काम करतो आणि परत देतो. काम होतं, शिकणं राहून जातं. उद्या ते पुन्हा विचारतात, परवा विचारायचं सोडून देतात.

आज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. कुठे दाबायचं ते बोटाने दाखवा, आणि ते दाबेपर्यंत थांबा, वीस मिनिटं लागली तरी.